लेहला उतरलात? आता लोळा!

वाचकांचे प्रश्न : डोंगर आणि भटकंती

फेब्रुवारी उजाडला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर पालटतो. पावसाळाभर हरिश्चंद्रगड आणि देवकुंड विचारणाऱ्या मंडळींना एकदम हिमालय दिसायला लागतो. या वेळच्या पत्रांमधला समान धागा असा की, सुट्टीत सहलीला तर जातोच आहोत, तर तिथेच एखादा उंचावरचा ट्रेकही उरकून घेऊ. बेत वाईट नाही. पण तयारी म्हणून लोक जे करतात आणि जे करायला हवं, त्यात बरंच अंतर आहे. सांगलीच्या पत्राला सविस्तर उत्तर देते आहे, कारण तोच कार्यक्रम थोड्याफार फरकानं आणखी बऱ्याच जणांनी पाठवलाय.

प्रश्न : आम्ही सांगलीचे. मी ४६ वर्षांची, मिस्टर ४९. मुलगा दहावीची परीक्षा देऊन मोकळा होईल, मुलगी सातवीत. मेच्या शेवटच्या आठवड्यात आठ दिवस लडाखला जातोय, मुंबईहून विमानानं. टूरवाल्यांनी दिलेला कार्यक्रम असा : पहिला दिवस लेह, संध्याकाळी शांती स्तूप आणि बाजार. दुसऱ्या दिवशी ‘खारदुंग ला’ ही खिंड (ला म्हणजे खिंड) करून नुब्रा. तिसऱ्या दिवशी श्योक नदीच्या वाटेनं पँगाँग तलाव, तिथेच तंबूत मुक्काम. चौथ्या दिवशी चांग ला करून परत लेह. पाचव्यापासून तीन दिवस शाम व्हॅलीचा ट्रेक, आठव्या दिवशी विमान. आम्ही रोज सकाळी आमराईत पाच किलोमीटर चालतो, रविवारी दंडोबाला जातो. शूज, जॅकेटं, काठ्या घेऊन झाल्या. आणखी काय तयारी करावी? भडंग न्यावं का? (हसू नका, मुलं विचारताहेत.)

उत्तर : भडंगाचं शेवटी सांगते.

ताई, रोज चालणारं आणि रविवारी डोंगर चढणारं घर आहे तुमचं, तेव्हा शाम व्हॅलीत पाय दगा देणार नाहीत. दगा देईल तो हा कार्यक्रम.

सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, लेह ३५०० मीटरवर. आपली कळसूबाई १६४६ मीटरची. दोन कळसूबाया एकीवर एक ठेवल्या तरी लेहच्या बाजाराची पातळी येत नाही. आणि एवढी चढण तुम्ही खुर्चीत बसून, सँडविच खात एका सकाळीत चढणार. तिथल्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब उतरलेला असतो, त्यामुळे दर श्वासाला आपल्याकडच्या दोन-तृतीयांशाच्या आसपासच हाती लागतो. शरीर याची सवय करून घेतं. श्वास वाढवतं, मूत्रपिंडं रक्तातला आम्लाचा तोल सावरतात. पण हे सगळं त्याच्या चालीनं, काही दिवसांत. दंडोबा आठवड्यातून तीनदा चढलात तरी ते लवकर होत नाही. उलट तंदुरुस्त माणूसच जास्त फसतो असं मी बघत आलेय. पहिल्या दिवशी त्याला काही जाणवत नाही, म्हणून तो स्तूपाच्या पायऱ्या पळत चढतो आणि रात्री डोकं धरून बसतो.

आपल्या लष्कराचा नियम बघा. मैदानातून लेहच्या उंचीला आणलेल्या जवानाला सहा दिवस जुळवून घ्यायला देतात. त्यातले पहिले दोन दिवस निव्वळ आराम, मग हळूहळू चालणं, मग थोडा चढ. त्याच्या वरच्या उंचीला गेलं की आणखी चार दिवस, आणि त्याहून वर पुन्हा चार. पंचविशीतला, रोज कवायत करणारा गडी आणि त्याला सहा दिवस. १९६२च्या सुमारास घाईघाईनं वर चढवलेल्या तुकड्यांमध्ये उंचीच्या आजारानं जे हाल झाले, त्यांचा आपल्या लष्करी डॉक्टरांनी केलेला अभ्यास जगभर वाचला गेला. हे नियम असे अनुभवातून आलेत. तुमच्या टूरवाल्यानं मात्र तुम्हाला एक संध्याकाळ दिलीय, तीही बाजारासकट.

कुठलाही कार्यक्रम हातात आला की मी प्रेक्षणीय स्थळं वाचतच नाही. फक्त रात्रीचे मुक्काम एका कागदावर उतरवते आणि पुढे उंची लिहिते. दिवसा किती वर गेलात याला तितकं महत्त्व नाही, झोपता कुठे त्याला आहे. ३००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक जादा रात्र त्याच उंचीवर काढायची, असा डॉक्टरांचा साधारण सल्ला असतो. आता तुमचा कागद : सांगली ५५०, लेह ३५००, नुब्रातलं हुंडर ३१००, पँगाँग ४२५०. तिसऱ्या रात्री एका उडीत साडेअकराशे मीटर! शिवाय दुसऱ्याच दिवशी ५३५९ मीटरचा खारदुंग ला. (तिथल्या पाटीवर बरीच वर्षं १८३८० फूट लिहिलेलं होतं, खरी उंची १७५८२ फूट आहे. फोटो काढताना पाटीला नावं ठेवू नका, तिनं बऱ्याच लोकांना आनंद दिलाय.)

पँगाँगची आणखी एक भानगड टूरचं पत्रक सांगत नाही. उंचीच्या आजारावर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणं. पण पँगाँगहून लेहच्या मोठ्या रुग्णालयात यायचं तर आधी पाच हजार मीटरच्या वर चांग ला चढावा लागतो. म्हणजे ज्याला खाली न्यायचंय त्याला हजार मीटर वर नेऊन मग उतरवायचं. श्योकच्या अंगानं नुब्राकडे उतरता येतं, पण ती वाट लांबची, आणि ही दुखणी बहुधा रात्रीच उठतात.

एकदा तिथल्या काठावर आमच्या शेजारच्या तंबूत मुलांचा एक गट होता. त्यातला एक मॅरेथॉन पळणारा, सगळ्यांत काटक. लेहला उतरून त्यांची दुसरी रात्र. संध्याकाळपासून तो ढास लागल्यासारखा खोकत होता आणि मित्र त्याला सर्दी झाली म्हणून वाफ देत होते. मी बॅटरी घेऊन गेले तेव्हा तो तंबूच्या खांबाला टेकून बसला होता, कारण आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. नुसता बसलेला माणूस, पण जिना चढून आल्यासारखा धापा टाकत होता. ओठ जांभळट. शब्द दोन-दोन करून येत होते. फुफ्फुसात पाणी भरायला लागलं की असं दिसतं. त्यांच्या गाडीचा लडाखी ड्रायव्हर दारात उभा राहिला, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि सामान आवरायच्या आत गाडी सुरू केली. तांगत्से हे गाव तलावापेक्षा खाली आहे आणि तिथे आरोग्य केंद्र आहे. तिथे ऑक्सिजन लागला, मग पुढे लेह. पोरगा वाचला. वाफेचं भांडं सकाळपर्यंत तंबूतच पडून होतं.

तेव्हा कार्यक्रम उलटा करा. आठच दिवस असतील तर असा :

लेहच्या विमानतळावरून गावात न जाता गाडी थेट पश्चिमेला, सिंधूच्या कडेनं खाली आल्चीला न्या. आल्ची ३१०० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे लेहपेक्षा चारशे मीटर खाली. पहिल्या रात्रीला हे चारशे मीटर फार मोलाचे असतात. तिथे दोन रात्री. पहिल्या दिवशी लोळायचं, एवढंच काम. दुसऱ्या दिवशी गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, बघा. जवळजवळ हजार वर्षांपूर्वीची भित्तिचित्रं आहेत, मान वर करून सावकाश बघण्यासारखी, आणि तिथे पोचायला चढ नाही. तिसऱ्या दिवशी लिकीरहून चालायला सुरुवात, मुक्काम यांगथांग. चौथा हेमिस शुकपाचन, तिथे गावाजवळ जुनिपरची राई आहे. पाचव्या दिवशी तेमिसगामला उतरून गाडीनं लेह. रोज चार-पाच तासांची चाल, वाटेतल्या खिंडी चार हजार मीटरच्या आत, मुक्काम ३६०० मीटरच्या आसपास घरगुती. आता तुमचं शरीर तयार आहे, तर सहाव्या दिवशी खारदुंग ला ओलांडून हुंडर. माथ्यावर पंधरा-वीस मिनिटं, बास. सातव्या दिवशी परत लेह, मग काय तो बाजार. आठव्या दिवशी विमान.

पँगाँग गेला. मुलगा तोंड पाडेल, माहीत आहे. दोन दिवस वाढवता आले तर शेवटी घाला, तेव्हा तो सोसेल. तुम्ही जॅकेटं-काठ्यांवर जो खर्च केलाय, त्याच्या निम्म्यात हे दोन दिवस आले असते, असा माझा आपला अंदाज.

पहिल्या दोन दिवसांत डोकं थोडं जड होणं, झोप तुटक लागणं, भूक मरणं हे बहुतेकांना होतं. त्यानं घाबरू नका. डोकेदुखीबरोबर मळमळ, चक्कर किंवा गळून गेल्यासारखं वाटायला लागलं, तर तो उंचीचा आजार समजा, त्याच जागी थांबा, वर जायचं नाही. आणि थांबूनही वाढत गेलं तर खाली. दोन खुणा मात्र घरातल्या चौघांनाही पाठ हव्यात. नुसतं बसलेलं असताना धाप लागणं ही एक. दुसरी, तोल जाणं. फरशीच्या रेषेवर टाचेला बोटं लावत दहा पावलं चालायला सांगा. इथे घरी आधी एकदा सगळ्यांनी चालून बघा, मुलांना मजा वाटते. तिथे एखाद्याला जमेना, तो झुकायला लागला किंवा भलतंच बोलायला लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. गोळी देऊन झोपवणं हा त्यावर उपाय नाही. मुलीवर जास्त लक्ष ठेवा. या वयाची मुलं डोकं दुखतंय म्हणत नाहीत, चिडचिड करतात आणि ताट बाजूला सारतात. सहल बिघडेल म्हणून मोठी माणसंही लपवतात, आणि त्यात नवरे पहिले.

डायमॉक्सबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारणारच. हे औषध, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, सवय व्हायची प्रक्रिया खरंच लवकर करतं. ते लक्षणं झाकत नाही. थेट विमानानं लेहला जाणाऱ्यांना बरेच डॉक्टर आदल्या दिवसापासून १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ देतात. आपल्याकडे मिळणारी २५० ची गोळी अर्धी करून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं आणि सोडा बेचव लागतो, यातलं काही झालं तर दचकू नका. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. मुलांचा डोस वजनावर ठरतो. मी डॉक्टर नाही, औषधाच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा. मी इतकंच म्हणेन की घ्यायचं ठरलं तर घरी असतानाच एक-दोन दिवस घेऊन बघा, म्हणजे काय होतं ते लेहच्या हॉटेलात पहिल्यांदा कळणार नाही. पहिल्या काही रात्री दारू आणि झोपेच्या गोळ्या बंद, कारण दोन्हींनी झोपेतला श्वास मंदावतो.

पाणी दिवसाला तीन-चार लिटर पुरे. लघवी फिकट असली की ठीक. उंचीवर पाणी प्या म्हणतात म्हणून बादलीभर पिऊन रक्तातलं मीठ पातळ करून घेणारेही भेटलेत मला. ट्रेकच्या वाटेवर दोन गावांच्या मध्ये पाणी आणि सावली दोन्ही कमी, तेव्हा प्रत्येकाकडे निदान दोन लिटर असू द्या. डोळ्यांना चांगला गॉगल आणि मानेच्या मागेही सनस्क्रीन. थंडी वाजत असते म्हणून ऊन कळत नाही, संध्याकाळी नाक सोलून निघतं.

तुमचे मोबाइल प्रीपेड असतील तर लडाखमध्ये बंद पडतील. तिथे बाहेरच्या राज्यांतली पोस्टपेड कार्डंच चालतात. घरात एक तरी पोस्टपेड करून घ्या.

आणि भडंग. जरूर न्या. उंचीवर गोडाचा आणि तेलकटाचा वीट येतो आणि अशा वेळी चटपटीत कोरडं चार घास पोटात गेलं तर बरंच. फक्त पाकिटातून नेऊ नका. हवेचा दाब कमी झाला की सीलबंद पाकिटं उशीसारखी फुगतात आणि बॅगेत फुटतात. स्टीलचा, फिरकीच्या झाकणाचा डबा. सोबत मेतकूट आणि लिंबाचं लोणचं. तिथे भात प्रेशर कुकरशिवाय शिजत नाही, कारण पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. पण कुकर घरोघरी आहेत आणि मऊ भातावर मेतकूट कालवलं की न जेवणारं माणूसही जेवतं.

प्रश्न : आमच्या ठाण्याच्या भिशीच्या गटातल्या सगळ्याजणी लडाखला जाताना रुमालात कापूर बांधून नेणार आहेत. ऑक्सिजनचे छोटे डबेही ऑनलाइन मागवलेत. त्याचा उपयोग होतो ना?

उत्तर : कापूर हुंगला की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. वाटतं, एवढंच. रक्तातला ऑक्सिजन त्यानं वाढत नाही. वास आवडत असेल तर न्या, माझी हरकत नाही. हरकत आहे ती ‘कापूर आहे ना, चला वर’ या धीटपणाला. डबे विमानात नेता येत नाहीत, विमानतळावर काढून ठेवतील. लेहमध्ये विकत मिळतात, पण एक डबा काही मिनिटांत संपतो आणि उतरून जायच्या जागी लोक तेच हुंगत बसतात. त्यापेक्षा गाडीत मोठा सिलिंडर आहे का, भरलेला आहे का आणि ड्रायव्हरला तो लावता येतो का, हे निघायच्या आधी विचारा. समोर लावून दाखवायला सांगा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर नेणार असाल तर एक लक्षात ठेवा, लेहमध्ये पहिल्या दिवशी आकडा नव्वदच्या खाली दिसणं नवलाचं नाही. गार बोटावर तो खोटंही बोलतो. दर पंधरा मिनिटांनी एकमेकींचे आकडे मोठ्यानं वाचत बसलात तर धडधाकट बाईलाही धाप लागेल.

प्रश्न : सासूबाई ६९ वर्षांच्या आहेत. बीपी आणि शुगर, दोन्ही गोळ्यांवर आटोक्यात. त्यांची लडाख बघायची फार इच्छा आहे. आम्ही तीन दिवस ट्रेकला जाऊ तेव्हा त्या लेहच्या हॉटेलात आराम करतील, असा विचार आहे. डोंबिवलीहून लेहपर्यंत विमानानंच न्यावं ना, म्हणजे दगदग नको?

उत्तर : दगदग वाचवायला म्हणून विमान निवडताय, पण त्यांच्या शरीराला खरी दगदग तीच होईल. ट्रेक उंचावर आणि हॉटेल सुरक्षित, असं नसतं. ३५०० मीटरचं हॉटेल हीच उंची आहे. आणि अनोळखी गावात, रात्री डोकं दुखायला लागलं तर रिसेप्शनला फोन करायलाही संकोचणाऱ्या बाईला एकटीला ठेवू नका.

वय ६९ म्हणजे घरात बसा, असं मात्र मी म्हणणार नाही. आधी त्यांच्या डॉक्टरांना सगळ्या मुक्कामांची उंची लिहिलेला कागद दाखवा. ‘लडाखला जातोय’ एवढंच सांगितलं की डॉक्टर ‘जा, काळजी घ्या’ म्हणतात. आकडे बघितले की प्रश्न विचारतात. बीपीच्या गोळ्यांमध्ये लघवीची गोळी असेल, तर डायमॉक्स त्याच्या जोडीला चालेल का हे ठरवणं त्यांचंच काम. जिना चढताना छातीत दडपण येत असेल किंवा हृदयाची तपासणी बरेच दिवस झाली नसेल, तर ती आधी.

मग श्रीनगरमार्गे रस्त्यानं जा. श्रीनगर १५८५ मीटर, तिथे दोन रात्री. पुढे झोजी ला ओलांडून कारगिल, २६७६ मीटर, तिथे मुक्काम. मग नमिका ला आणि ४१०८ मीटरचा फोतू ला पार करून आल्ची, आणि सगळ्यात शेवटी लेह. खिंडी उंच आहेत, पण त्या गाडीतून ओलांडायच्या, मुक्काम प्रत्येक वेळी खाली. मनालीहून जाणारा रस्ता त्यांच्यासाठी नको. त्यात सरचूला सव्वाचार हजार मीटरवर रात्र काढावी लागते आणि त्या तंबूंत भले भले रात्रभर बसून असतात.

आणि शाम व्हॅलीचाच ट्रेक करणार असाल तर त्यांना हॉटेलात ठेवायची गरजच नाही. लिकीर, यांगथांग, हेमिस शुकपाचन, तेमिसगाम, या सगळ्या गावांना गाडीरस्ता आहे. सकाळी तुम्ही पायी निघा, त्यांना सामानाबरोबर गाडीनं पुढच्या गावी पाठवा. तुम्ही धुळीनं माखून पोचाल तेव्हा त्या यजमानीणबाईंच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी चहा पीत बसलेल्या असतील आणि मटार सोलत असतील. भाषेची अडचण मला तरी कधी दिसली नाही. शुगर मोजायचं यंत्र गारठलं की चुकतं किंवा चालतच नाही, म्हणून ते रात्री पांघरुणात ठेवा. इन्सुलिन असेल तर तेही, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. गोळ्या दोन वेगळ्या बॅगांत विभागून न्या.

प्रश्न : चंद्रपूरला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या डिसेंबरच्या सुट्टीत मित्रांबरोबर उत्तराखंडात केदारकंठचा ट्रेक. इथे डोंगर नाही आणि उन्हाळ्यात ४५ अंश. सराव कसा करू? काकांचे जुने ट्रेकिंग शूज मिळालेत, एकदम नव्यासारखे आहेत.

उत्तर : बाळा, आधी काकांचे शूज. माळ्यावर पाच-सात वर्षं पडलेले असतील तर वरून नवे दिसले तरी तळव्यातला फोम आतून कुजलेला असतो. ट्रेकच्या दुसऱ्या दिवशी सालीसारखा अख्खा तळ सुटून येतो. दोन्ही हातांनी धरून बूट मधोमध वाकव, अंगठ्यानं तळवा दाब. भुगा पडला किंवा भेग दिसली तर काकांना प्रेमानं परत कर. नवे घेतलेस तर ऑक्टोबरमध्येच घे, संध्याकाळी घे, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि जाड मोजे घालून बघ. उताराला अंगठा पुढे आपटता कामा नये. कॉलेजला तेच घालून जा. हसतील, हसू देत. निघायच्या आदल्या दिवशी पायाची नखं काप, नाहीतर उतारावर काळी पडतात.

केदारकंठ ३८१० मीटर, म्हणजे १२५०० फूट. पायथ्याचं सांकरी १९५० मीटरवर आहे आणि बहुतेक गट तीन-चार दिवसांत वर जाऊन येतात. उंची तुझ्या वयाला झेपेल, पण वरची लक्षणांची यादी तुलाही लागू आहे, वीस वर्षांचा आहेस म्हणून सूट नाही. देहरादूनहून सांकरीला जायला अख्खा दिवस वळणावळणांचा रस्ता आहे. उलटीची गोळी आधी घे, रिकाम्या पोटी बसू नकोस.

डोंगर नसला तरी जिना आहे. कॉलेजची सर्वांत उंच इमारत शोध. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचच्या आत, आठवड्यातून तीन दिवस, अर्धा तास चढ-उतार. जूननंतर पाठीवर बॅग, आत पाण्याच्या बाटल्या, दोन किलोपासून वाढवत सहा किलोपर्यंत. उतरणं टाळू नकोस, लिफ्टनं खाली येशील तर अर्धा सराव बुडाला. मांड्या खऱ्या भरून येतात त्या उतरताना, आणि माथ्याच्या दिवशी बर्फातून उतरायचं भरपूर असतं. मध्ये एखाद्या रविवारी रामटेकला जाऊन ये, गड म्हणून छोटा, पण पायऱ्या तर आहेत. परीक्षेत खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही, दोन पावलं मागून धर.

कपड्यांत एकच हट्ट धर : अंगाला लागून सुती बनियन आणि जीन्स नको. घाम आला की सुती कापड ओलं राहतं आणि थांबलास की अंग गार पडतं. पॉलिस्टरचा साधा खेळाचा टी-शर्ट, वर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं जॅकेट. महागातलं फुगीर जॅकेट चालताना घालायचं नसतंच, ते मुक्कामावर पोचल्यावर. आणि मोज्यांचा एक जोड फक्त झोपण्यासाठी कोरडा ठेव. त्याला दिवसा हात लावायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

प्रश्न : ट्रेकच्या तारखा आणि पाळीच्या तारखा एकत्र येताहेत. मैत्रिणी म्हणतात पुढे ढकलायच्या गोळ्या घे. नाव छापू नये.

उत्तर : नाव छापलेलं नाही, पण प्रश्न मुद्दाम छापते आहे, कारण तो खूप जणी फक्त फोनवर कुजबुजतात.

दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका. काही बायकांमध्ये हार्मोनच्या औषधांनी रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो. घरात कुणाला गुठळी झालेली असेल, अर्धशिशी असेल, सिगारेट ओढत असाल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना हे सगळं सांगून मगच ठरवा, आणि निदान महिनाभर आधी जा. नाही घेतल्या तरी ट्रेक होतो. पाळीत उंचीला जास्त त्रास होतो असं मला माझ्या गटांमध्ये दिसलेलं नाही. पोटदुखीची तुमची नेहमीची गोळी न्या, नवीन प्रयोग नको. प्रवासानं आणि उंचीनं तारीख मागेपुढे होते, म्हणून तारीख नसली तरी प्रत्येकीनं सामान जवळ ठेवावं. कप वापरणार असाल तर ट्रेकवर पहिल्यांदा वापरायला सुरुवात करू नका, हात धुवायला पाणी मिळेलच असं नाही.

वापरलेले पॅड कागदात गुंडाळून, झिपच्या गडद पिशवीत, परत लेहपर्यंत आणायचे. लडाखी घरांमधल्या कोरड्या संडासात टाकू नका. तिथे वरून माती टाकतात आणि वसंतात तेच खत म्हणून शेतात जातं, तुमचं प्लॅस्टिक यजमानांच्या जवात निघेल.